वॉश अडकतो तेव्हा : कनकी-मक्याच्या इथेनॉल प्लांटमध्ये अल्कोहोल का चढत नाही, त्याचा तपास

फर्मेंटर (वॉश, म्हणजे शिजवलेलं धान्य, पाणी आणि यीस्टचं मिश्रण, आंबवायची टाकी) भरून पंचावन्न तास झालेत. साडेअकरा-बारा टक्के अल्कोहोल अपेक्षित आहे आणि लॅबमधून निरोप येतो, ‘साडेआठ’. सहा तासांनी पुन्हा नमुना घेतला, पुन्हा साडेआठ. धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्लांटवर ज्यांनी दोन-तीन वर्षं काढली असतील त्यांना हा प्रसंग नवा नाही. मी सोळा वर्षं फर्मेंटेशनवर आहे. आधी भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून येणारी कनकी (कणी, तुकडा, जे तुमच्याकडे म्हणत असतील ते), मग खराब झालेलं धान्य आणि आता मुख्यतः मका. माल बदलला तरी हे दुखणं तेच राहिलं, म्हणून त्याचा तपास ज्या क्रमाने करतो तो क्रम इथे लिहून ठेवतो.

लक्षणं

अल्कोहोल ८-९ टक्क्यांवर थांबतं, ही सगळ्यांना दिसणारी खूण. त्याआधीच्या काही खुणा नीट बघितल्या तर एक दिवस आधी कळतं :

- चांगल्या बॅचमध्ये ४०-४५ तासांपर्यंत पृष्ठभाग उसळत असतो. अडकणारी बॅच तिशीच्या आसपासच शांत होते.
- ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं मोजमाप) सुरुवातीला झपाट्याने उतरतं, मग दोन-तीन नमुने एकाच आकड्यावर.
- नमुन्याच्या नळाशी आंबट वास. ताकासारखा असेल तर लॅक्टिक ॲसिड, नाकात झोंबणारा व्हिनेगरसारखा असेल तर ॲसेटिक.
- डिकँटरमधून (चोथा वेगळा करणाऱ्या यंत्रातून) निघणारा लगदा मोकळा न पडता चिकट, आणि ड्रायरमध्ये डीडीजीएसच्या (अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या, जनावरांना घालायच्या सुक्या चोथ्याच्या) गोळ्या. ही खूण फर्मेंटेशनची माणसं बघत नाहीत, कारण ड्रायर दुसऱ्या खात्याचा. पण न फुटलेला स्टार्च शेवटी तिथेच जाऊन खळीसारखा चिकटतो.
- महिन्याच्या शेवटी टनामागे लिटर कमी.

हा शेवटचा मुद्दा आकड्यांत सांगतो, कारण त्याशिवाय पुढची धडपड का करायची ते पटत नाही. १ किलो स्टार्चपासून, रसायनशास्त्राच्या हिशोबाने, जास्तीत जास्त ०.७२ लिटर इथेनॉल मिळतं. ६६ टक्के स्टार्च असलेली १ टन कनकी म्हणजे ६६० किलो स्टार्च, म्हणजे ४७५ लिटर. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर ४२७-४२८ लिटर हातात यायला हवं. मक्यात स्टार्च कमी, त्यामुळे तिथे ३८० च्या आसपास समाधान मानावं लागतं. आता ३ लाख लिटरच्या एका फर्मेंटरमध्ये १ टक्का अल्कोहोल कमी आलं म्हणजे ३,००० लिटर गेलं. साडेतीन टक्के कमी आलं तर दहा हजारांच्या वर. ते धान्य शेतकऱ्याने पिकवलं, मिलने भरडलं, आपण पैसे मोजून आणलं, वाफ देऊन शिजवलं, आणि शेवटी ते ड्रायरमध्ये गेलं. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

अशा वेळी पहिला आळ यीस्टवर येतो. नवं यीस्ट मागवलं जातं, दुप्पट टाकलं जातं, सोबत अँटिबायोटिक. खर्च होतो आणि पुढची बॅच पुन्हा अडकते. माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा दोष यीस्टपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो : दळणात, शिजवण्यात, पीएचमध्ये किंवा नुसत्या मोजमापात. म्हणून मी एकच प्रश्न आधी विचारतो : वॉशमध्ये काय उरलंय? साखर, स्टार्च, की काहीच नाही? त्याच्या उत्तरावर पुढची वाट ठरते.

सगळ्यात आधी : मोजमाप बरोबर आहे का? (खर्च शून्य)

एका प्लांटवर मला बोलावलं होतं. तक्रार अशी की रात्रपाळीत १२ टक्के दिसतं आणि दिवसा तोच वॉश १० वर येतो, म्हणजे अल्कोहोल कुठेतरी उडतंय. फर्मेंटरची झाकणं, पाइप, सगळं तपासून झालं होतं. लॅबमध्ये बसलो तेव्हा कळलं : दिवसाचा केमिस्ट डिस्टिलेट (नमुना उकळून, वाफ थिजवून मिळालेला द्रव) २० अंशांवर आणून त्यात हायड्रोमीटर (घनतेवरून अल्कोहोल दाखवणारी तरंगती नळी) सोडत होता, रात्रीचा मुलगा कंडेन्सरमधून आलेलं डिस्टिलेट तसंच, ३० अंशांवर, वाचत होता. त्या तापमानाला हायड्रोमीटर सुमारे दोन अंकांनी जास्त दाखवतो. अल्कोहोल उडत नव्हतं, ते आधीपासून १० च होतं. खरा दोष चार महिने दडून राहिला होता.

उलट चूकही होते. उन्हाळ्यात लॅबच्या कंडेन्सरला गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोडलेलं असतं. दुपारी ते हाताला चटका देण्याइतकं तापतं, वाफ पूर्ण थिजत नाही आणि अल्कोहोल खोलीत निघून जातं. अशा वेळी बर्फाच्या पाण्याची बादली आणि छोटा पंप पुरतो. आणखी दोन गोष्टी : डिस्टिलेशनआधी नमुना चांगला हलवून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढा, आणि वॉश फार आंबट असेल तर आधी उदासीन करा, नाहीतर उडणारी आम्लंही डिस्टिलेटमध्ये येऊन वाचन बिघडवतात.

पीएच मीटरचंही तसंच. ४ आणि ७ च्या बफरने (ठराविक पीएचच्या द्रावणाने) प्रत्येक पाळीला जुळवा. इलेक्ट्रोडच्या काचेवर स्टार्च आणि प्रथिनांचा पातळ थर बसतो, डोळ्यांना दिसत नाही, पण मीटर आळशी होतो. फर्मेंटरचं तापमान पॅनलवर बघून समाधान मानू नका. नमुन्याच्या नळातून थोडा वॉश सोडून द्या, मग ग्लासात घेऊन साधा काचेचा थर्मामीटर बुडवा. मला एकदा ४ अंशांचा फरक सापडला होता.

आयोडीनचा थेंब आणि उरलेल्या साखरेची मोजणी (खर्च काही रुपये)

पांढरी टाइल घ्या. त्यावर थंड वॉशचे दोन-तीन थेंब आणि आयोडीनच्या पातळ द्रावणाचा एक थेंब. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. जांभळा किंवा तांबूस आला तर स्टार्च तुटलाय पण अर्धवट, म्हणजे डेक्स्ट्रिन. आयोडीनचा पिवळा रंग तसाच राहिला तर दोन्ही नाहीत.

मी ‘थंड’ लिहिलं ते मुद्दाम. गरम स्टार्चवर आयोडीनचा निळा रंग टिकत नाही. लिक्विफॅक्शन टाकीतून (जिथे शिजलेलं पीठ एन्झाइमने पातळ करतात) ८५ अंशांचा नमुना काढून लगेच त्यावर आयोडीन टाकलं तर तो पिवळाच दिसतो आणि ऑपरेटर वहीत ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो. तोच नमुना नळाखाली धरून गार केला की डोळ्यादेखत शाई सांडल्यासारखा निळा होतो. मी नव्या ऑपरेटरला हे एकदा शेजारी उभं करून दाखवतो. त्यानंतर ‘भाऊ, गार करून बघितलंस का?’ असं पुन्हा विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, फक्त गाळलेला वॉश तपासू नका. तळाचा चोथा चिमटीत घ्या, एखादा कण टाइलवर नखाने चिरडा आणि आयोडीन टाका. बाहेरून पिवळा आणि मधोमध निळा ठिपका दिसला तर दाणा आतून कच्चा राहिलाय. भात चुलीवरून लवकर उतरवला की शितात जो पांढरा बिंदू राहतो, तोच हा.

मग फेहलिंगने (साखर मोजायच्या निळ्या द्रावणाने) उरलेली साखर मोजा. तोच नमुना आम्लात उकळून पुन्हा फेहलिंग केलं की एकूण आकडा मिळतो. दोन्हींतल्या फरकाला ०.९ ने गुणलं की न फुटलेला स्टार्च आणि डेक्स्ट्रिन. चांगल्या वॉशमध्ये थेट साखर अर्ध्या टक्क्याच्या आत असते.

आता तीन वाटा आहेत.

पहिली वाट : स्टार्च उरलाय

यीस्टला हात लावू नका. यीस्ट स्टार्च खाऊच शकत नाही, त्याला ग्लुकोज लागतं. दोष मागे आहे, आणि मागे जाताना सोप्याकडून अवघडाकडे जायचं.

दळण बघा. १०० ग्रॅम पीठ १ मिलिमीटरच्या चाळणीवर हाताने चाळा. आमच्याकडचा नियम असा की वर ५ ग्रॅमपेक्षा जास्त राहिलं तर हॅमर मिल थांबवून जाळी बघायची. जाळीला बोटभर फाट पडली असेल तरी टनभर भरड त्यातून निसटते. जाळी शाबूत असेल तर हॅमरच्या कडा बघा, कनकी कडक असते आणि त्यातले बारीक खडे कडा गोल करतात. हे महत्त्वाचं यासाठी की एन्झाइमला (स्टार्च तोडणाऱ्या द्रव्याला) कणाच्या आत शिरायला वेळ नसतो. दीड-दोन तासांत जे उघडलं ते उघडलं.

मग शिजवण्याचं तापमान. तांदळाचा स्टार्च साधारण ६८ ते ७८ अंशांना फुलतो, मक्याचा ६२ ते ७२ ला. म्हणजे दोघांनाही ८५ अंशांची टाकी पुरायला हवी. पण मक्याचा कडक, काचेसारखा भाग आणि तांदळाचा जुना दाणा नुसत्या ८५ ला पुरेसा उघडत नाही, म्हणून जेट कुकरमध्ये (वाफेच्या झोताने शिजवणाऱ्या यंत्रात) १०५ अंशांच्या वर नेतात. वाफेचा दाब घसरला की जेटचं तापमान घसरतं, आणि पॅनलवर फक्त सरासरी दिसते. आलेख काढून बघा, त्यात खड्डे आहेत का. बॉयलरवर रात्री कोळसा बदलण्याच्या वेळेला पडणारा खड्डा आणि अडकलेली बॅच यांची वेळ मला दोनदा जुळलेली सापडली आहे.

लाइन अर्ध्यात थांबली असेल तर तेही नोंदीत शोधा. शिजलेली स्लरी (पीठ-पाण्याचं मिश्रण) पाइपमध्ये उभी राहून हळूहळू गार झाली की स्टार्च पुन्हा आवळतो. शिळा भात कडक होतो त्यातलाच प्रकार. हा आवळलेला स्टार्च एन्झाइमला दाद देत नाही, त्यामुळे तो पुढे ढकलण्याऐवजी परत शिजवायला घ्यावा.

पीएच. अल्फा अमायलेजला (स्टार्चचे तुकडे करणाऱ्या पहिल्या एन्झाइमला) साधारण ५.२ ते ५.८ लागतं (तुमच्या एन्झाइमच्या माहितीपत्रकातला आकडा खरा धरा, जुन्या प्रकारांना ६ च्या वर लागतं). स्लरीत थिन स्लॉप (अल्कोहोल आणि चोथा काढल्यावर उरलेलं पाणी) परत घेत असाल तर तो आंबट असतो, आणि त्याचं प्रमाण वाढलं की पीएच ५ च्या खाली जातं. ८५ अंश आणि पीएच ४.८ या जोडीत अमायलेज काही मिनिटांत निकामी होतं. मग डोस वाढवून उपयोग होत नाही, जेवढं टाकाल तेवढं मरतं.

डोस. ड्रमला बाहेरून पट्टी चिकटवा आणि पाळीच्या सुरुवातीला व शेवटी पातळी लिहा. डोसिंग पंपाचा स्ट्रोक काय दाखवतो याला अर्थ नाही, ड्रम किती उतरला याला आहे. सक्शनच्या झडपेत कचरा अडकला की पंप टकटक करत राहतो आणि जातं काहीच नाही. ड्रम कुठे ठेवलाय तेही बघा. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ठेवलेलं द्रव एन्झाइम तारखेच्या आधीच ताकद गमावतं. जेटच्या आधी टाकलेला डोस तिथल्या उष्णतेत बराचसा मरतो, म्हणून दुसरा डोस जेटनंतर, स्लरी ८५-८८ ला आल्यावर जायलाच हवा. नुसतं जांभळं-तांबूस येत असेल तर अमायलेज ठीक आहे, ग्लुकोअमायलेजकडे (त्या तुकड्यांचं ग्लुकोज करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमकडे) बघा : तेही याच पद्धतीने.

जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाकडून इथेनॉलसाठी मिळणारा तांदूळ बंद झाला आणि बरेच प्लांट काही आठवड्यांत मक्यावर आले. तेव्हा महिनाभर मला या एकाच वाटेचे फोन येत होते. माल बदलला होता, पण जाळी, पाण्याचं प्रमाण, एन्झाइमचा डोस तांदळाचाच ठेवला होता.

दुसरी वाट : साखर उरलीय

इथे यीस्ट काम करत नाही. पण का, हे आधी शोधायचं.

पहिल्यांदा तापमानाची नोंद उघडा आणि १२ ते २४ तासांचा भाग बघा. सगळ्यात जास्त उष्णता तेव्हा सुटते. ३२-३३ अंशांवर राहायला हवं. चौदाव्या तासाला वॉश ३७ वर गेला तरी यीस्ट लगेच पडत नाही, त्या वेळी अल्कोहोल चारच टक्के असतं. पण त्याच्या पेशीचं आवरण कमकुवत झालेलं असतं, आणि अल्कोहोल ८-९ वर आलं की ती पेशी टिकत नाही. म्हणजे घाव चौदाव्या तासाला, मरण चाळिसाव्याला. चाळिसाव्या तासाची नोंद बघणाऱ्याला सगळं ३२ वर दिसतं आणि तो यीस्टच्या कंपनीला फोन लावतो.

मेपेक्षा हे ऑगस्ट-सप्टेंबरला जास्त होतं. विदर्भात मे महिन्यात हवा कोरडी असते आणि कूलिंग टॉवर बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे ४५ अंशांतही पाणी बऱ्यापैकी गार मिळतं. पावसाळ्यात हवा दमट, बाष्पीभवन मंद, पाणी कोमट. सोबत प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (वॉश गार करणाऱ्या यंत्रात) धान्याचा कोंडा अडकलेला असेल तर तापमान हाताबाहेर जातं. एक्स्चेंजरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान आणि दाब लिहा. दाबाचा फरक वाढला असेल तर प्लेट धुवायच्या झाल्या. नवा चिलर घ्यायच्या आधी एवढं करा.

नंतर यीस्ट जागं करण्याची रीत. कोरडं यीस्ट ३५-३८ अंशांच्या स्वच्छ पाण्यात १५-२० मिनिटं. थंड पाण्यात टाकलं तर पेशी फुगताना आतला माल बाहेर झिरपतो. थेट गरम स्लरीत टाकलं तर संपलंच. नळाखाली बादली भरून अंदाजाने यीस्ट कालवणं मी आजही बघतो, आणि ज्याने ते केलं त्याला कुणी कधी थर्मामीटर दिलेला नसतो.

सूक्ष्मदर्शक असेल तर मिथिलीन ब्लू टाका : मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात. शंभर मोजा. विसाव्या तासाला दहापेक्षा जास्त निळ्या असतील तर काहीतरी मारतंय. बहुतेक जिवंत आहेत पण मुळात संख्याच कमी आहे, अंकुर दिसत नाहीत, तर पोषण कमी पडतंय. कनकीत प्रथिनं मक्यापेक्षा थोडी कमी आणि यीस्टला सहज घेता येईल असा नायट्रोजन फारच कमी, म्हणून युरिया लागतो. तो औद्योगिक प्रतीचाच घ्या. शेतीचा अनुदानित युरिया कारखान्यात वापरणं बेकायदा आहे, आणि २०१५ पासून त्यावर कडुनिंबाचा लेप असतो, तो फर्मेंटरमध्ये नकोच. हे फक्त इंधनाच्या इथेनॉलसाठी लिहितोय. पिण्याच्या मद्यात युरियामुळे नको असलेलं संयुग तयार होऊ शकतं, तिथे दुसरा नायट्रोजन वापरतात.

साखर सुरुवातीलाच फार जास्त असेल, म्हणजे सगळं ग्लुकोअमायलेज आधीच टाकून स्टार्च पूर्ण ग्लुकोज करून ठेवला असेल, तरीही यीस्ट दबतं. पाकात घातलेल्या फळातलं पाणी पाक ओढून घेतो तसं पेशीचं होतं. थोडं एन्झाइम आधी, उरलेलं फर्मेंटरमध्ये असं केलं की ग्लुकोज जितकं सुटेल तितकं खाल्लं जातं.

तिसरी वाट : काहीच उरलेलं नाही, तरी अल्कोहोल कमी

ही वाट लोकांना सगळ्यात गोंधळात टाकते. आयोडीन पिवळं, साखर ०.३, आणि अल्कोहोल साडेआठ-नऊ.

आधी माल बघा, ते स्वस्त आहे. कनकीत मिलवाल्याने कोंडा मिसळला असेल, ओलावा १४ ऐवजी १७ असेल, तर स्टार्च मुळातच कमी आला. पोत्यातली मूठभर कनकी पाण्यात टाकून ढवळा, तूस आणि कोंडा वर तरंगतो. ओलाव्याच्या मीटरने प्रत्येक ट्रक तपासा आणि स्टार्च महिन्याला नाही, प्रत्येक लॉटला काढा. काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या मक्याबद्दल वेगळं सांगायला हवं : अफ्लाटॉक्सिनमुळे (बुरशीच्या विषामुळे) फर्मेंटेशन फारसं अडत नाही, म्हणून ते कळत नाही. पण स्टार्च निघून गेल्यावर ते डीडीजीएसमध्ये सुमारे तिप्पट दाट होतं आणि ते पुढे जनावरांच्या गव्हाणीत जातं. असा लॉट उतरवून घेऊ नका.

मग कार्बन डायऑक्साइडच्या स्क्रबरचं (बाहेर जाणारा वायू पाण्याने धुऊन त्यातलं अल्कोहोल पकडणाऱ्या यंत्राचं) पाणी चालू आहे का ते बघा. बंद असेल तर वायूबरोबर अल्कोहोलही निघून जातं. झडप उघडली की काम झालं.

हे दोन्ही ठीक असतील तर साखर जिवाणूंनी खाल्लीय. लॅक्टोबॅसिलस ग्लुकोजपासून अल्कोहोल न करता लॅक्टिक ॲसिड करतात. वॉशमध्ये १ टक्का लॅक्टिक ॲसिड म्हणजे जवळपास ०.६५ टक्के अल्कोहोल गेलं, आणि त्याहून मोठं नुकसान असं की लॅक्टिक ०.२ ते ०.८ टक्क्यांच्या दरम्यान किंवा ॲसेटिक ०.०५ ते ०.१ टक्क्यापर्यंत पोचलं की यीस्टची वाढही मंदावते. म्हणून जंतुसंसर्ग दुसऱ्या वाटेनेही दिसू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती यीस्टच्या मधे बारीक काड्या दिसतात. पीएच तुमच्या चांगल्या बॅचपेक्षा तीन-चार दशांशांनी खाली असतं.

अँटिबायोटिक टाकून बॅच सावरते, पण जिवाणू कुठून येतात ते कळत नाही आणि औषधाचा अंश जनावरांच्या खाद्यात जाण्याची भीती राहते. मी ते शेवटचा उपाय ठेवतो. आधी घर शोधायचं : एक्स्चेंजरच्या प्लेटमधली गॅस्केटं, पाइपचा जिथे प्रवाह जात नाही असा बंद तुकडा, नमुन्याचा नळ, प्री-फर्मेंटर (यीस्ट वाढवायची छोटी टाकी). एका ठिकाणी दीड महिना संसर्ग जात नव्हता. सीआयपी (टाक्या आणि पाइप न उघडता आतून धुणं) रोज व्यवस्थित चालू होतं. शेवटी प्री-फर्मेंटरमधून फर्मेंटरमध्ये यीस्ट सोडायची रबरी नळी भिंतीवरच्या हुकावरून काढली आणि ब्लेडने उभी चिरली. आत बोटाच्या पेराएवढा जाड, करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता, आणि वास कुजलेल्या ताकाचा. प्रत्येक बॅचला यीस्टबरोबर तोही जात होता. नळी सीआयपीच्या नकाशातच नव्हती. ती बदलली, पुढच्या तिसऱ्या बॅचला अल्कोहोल ११.४.

स्प्रे बॉल (टाकी आतून धुणारा छिद्रांचा गोळा) उघडूनही बघा. त्याची निम्मी छिद्रं कोंड्याने बुजलेली असतात आणि टाकीच्या वरच्या भागाला कॉस्टिक (धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण) लागतच नाही. २-३ टक्के कॉस्टिक ८० अंशांवर, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते पोचलं की नाही हे झाकणातून टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही. झाकणातून म्हणजे बाहेरून. टाकीत डोकं घालायचं नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

थिन स्लॉपची चाचणी

तिन्ही वाटा बघून झाल्या आणि बॅचेस हळूहळू, एकीनंतर एक खराब होत चालल्या असतील, तर परत घेतला जाणारा थिन स्लॉप दोन बॅचेससाठी पूर्ण बंद करा आणि ताजं पाणी घ्या. स्लॉपबरोबर आम्लं, सोडियम, क्षार फिरत राहतात आणि दर फेरीला साचतात. दोन बॅचेस सुधारल्या तर उत्तर मिळालं. याचा खर्च आहे, बाष्पीभवन विभागावर भार वाढतो आणि सांडपाणी शून्य ठेवायची अट तुम्हाला पाळावीच लागते, म्हणून त्या विभागाशी बोलून ठरवा. नंतर परत घेताना प्रमाण कमी ठेवा.

साबुदाण्याची थिप्पी किंवा बटाट्याची सालं वापरणाऱ्यांनी हाच क्रम घ्यावा. थिप्पीत, म्हणजे सेलमच्या साबुदाणा कारखान्यांमधून निघणाऱ्या टॅपिओकाच्या चोथ्यात, सुकल्यावरही निम्म्याच्या आसपास स्टार्च असतो, पण ओली असताना ती ढिगातच आंबते. त्यामुळे तिथे तिसऱ्या वाटेपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

अडकलेल्या बॅचचं काय?

स्टार्च उरला असेल आणि यीस्ट जिवंत असेल तर ग्लुकोअमायलेजचा छोटा डोस देऊन १०-१२ तास थांबा. साखर उरली आणि यीस्ट मेलं असेल तर कोरडं यीस्ट ८ टक्के अल्कोहोलमध्ये टाकून फायदा नाही, ते रुजत नाही. शेजारच्या फर्मेंटरमधला, २०-२४ तासांचा, भरात असलेला वॉश १०-१५ टक्के मिसळा. संसर्ग झालेली बॅच मात्र कशातही मिसळू नका, तशीच डिस्टिलेशनला पाठवा. वाफ जास्त जाईल, ते सोसा. आणि वॉश कोणत्याही परिस्थितीत नाल्यात सोडायचा नाही. एक्साइज अधिकाऱ्यांना कळवून, नोंद करूनच काय ते ठरवायचं.

कुठे हात थांबवायचा

फर्मेंटरच्या आत उतरायची वेळ आली तर थांबा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, टाकी रिकामी झाली तरी तळाशी बसून राहतो. हवेत ४ टक्के झाला तरी जिवाला धोका, आणि रिकाम्या फर्मेंटरमध्ये तो याच्या कितीतरी पट असतो. परवाना, गॅस मीटर, ब्लोअर, दोर आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका, आणि आत कुणी पडलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. बहुतेक अपघातांत दुसरा माणूस असाच जातो. हे काम प्रशिक्षित पथकाचं आहे.

कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत कॉस्टिक फवारायचं असेल तरी थांबा. कॉस्टिक तो वायू झपाट्याने शोषतं, आत पोकळी होते आणि स्टीलची टाकी डब्यासारखी चेपते. आधी हवा खेळवून वायू काढा, व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चालतो का ते मेंटेनन्सकडून लेखी घ्या.

जेट कुकर, वाफेची लाइन, सेफ्टी व्हॉल्व्ह, डिस्टिलेशन कॉलमचा दाब आणि अल्कोहोलच्या भागातली कुठलीही वायरिंग, इथे फर्मेंटेशनच्या माणसाने पाना लावायचा नाही. बॉयलरचा परवानाधारक माणूस आणि ज्वालारोधक उपकरणांचं काम जाणणारा इलेक्ट्रिशियन बोलवा.

फर्मेंटेशनमध्येही एक सीमा आहे. पूर्ण सीआयपीनंतर सलग तीन फर्मेंटर आंबट झाले, किंवा पीएच, तापमान, डोस सगळं जागेवर असूनही स्टार्च उरत राहिला, तर पुढे अंदाजाने डोस बदलत बसू नका. पहिल्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबकडून कुठला जिवाणू आहे आणि लाइनच्या कुठल्या जागेवर आहे ते काढून घ्या. त्यासाठी सात-आठ ठिकाणचे नमुने निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी जायला हवेत. दुसऱ्यासाठी एन्झाइमची ताकद पुरवठादाराच्या लॅबबरोबरच दुसऱ्या एका मान्यताप्राप्त लॅबकडूनही मोजून घ्या. सोबत द्यायला गेल्या पाच बॅचेसची नोंद तयार ठेवा : लॉटचा स्टार्च आणि ओलावा, चाळणीचा आकडा, जेटच्या तापमानाचा आलेख, लिक्विफॅक्शनचा पीएच, ड्रमची पातळी, १२ ते २४ तासांचं तापमान, गार नमुन्यावरचं आयोडीन, उरलेली साखर. तज्ज्ञ गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा हेच मागतो.